एक हलकी, एक भारी

आमच्या दाजींनी आयुष्यात कुठलीही वस्तू एकटी अशी बघितलेली नाही. वस्तू म्हटली की तिच्या शेजारी दुसरी वस्तू हवी. एक हलकी, एक भारी. दोन्ही समोर ठेवून, दोन्हींवर बोटानं टकटक करून, दोन्हींचा वास घेऊन आणि शक्य असेल तर दोन्ही चाखून झाल्याशिवाय त्यांना त्यांतली एकही दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. उद्यमनगरात त्यांचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांत नवी तार भरायचं, दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, आतल्या तांब्याच्या तारेकडं एक नजर टाकायची आणि "तार हलकी हाय. मिस्त्रीचा दोष न्हाई, तुम्हीच स्वस्तातली मागितली असणार," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचं, ही त्यांची ख्याती. गिऱ्हाईक चिडायचं, तरातरा निघून जायचं आणि पुढची मोटार जळाली की परत दाजींच्याच फळीवर येऊन बसायचं. तोंडावर बोलणारी माणसं कोल्हापुरात पैशाला पासरी मिळतात. बोलून झाल्यावर चहा पाजणारी कमी.

एका वर्षी दाजी डाव्या पायात एका कारागिराची आणि उजव्या पायात दुसऱ्या कारागिराची चप्पल घालून हिंडत होते. दोन्ही अस्सल कोल्हापुरी, पण डावी हलकी आणि उजवी भारी. कुठली आधी झिजते ते त्यांना बघायचं होतं आणि दोन्ही चपला सारख्याच चालल्या पाहिजेत, म्हणून त्या एकाच वेळी घातल्या पाहिजेत, यात त्यांच्या मते न समजण्यासारखं काही नव्हतं. आमच्या चुलतभावाच्या लग्नात वरमाई त्यांच्या पायांकडं बघून हळूच म्हणाली, "पावणं, मांडवात चपलांची अदलाबदल झाली वाटतं." दाजींनी दोन्ही पाय पुढं केले आणि बँडवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अदलाबदल न्हाई, तुलना हाय. निकाल दिवाळीला." दिवाळीच्या आधीच डावी झिजून पातळ झाली आणि दाजी एका अंगाला कलून चालायला लागले. आक्काला वाटलं, कंबर धरली. तिनं शेक द्यायला घेतला. दाजींनी तोही निमूट घेतला, पण डाव्या बाजूला विटेचा आणि उजव्या बाजूला रबरी पिशवीचा.

असल्या माणसाचं कौतुक करणं सोपं आणि त्याला घरी जेवायला बोलावणं अवघड. गोड बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं म्हणतात, पण दाजींचं जात असावं. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी अण्णा हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. अण्णांनी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळा जैन समाज लोटलेला, पंगती उठतायत, आणि दाजी खिशातलं नाणं काढून दिवाणखान्याची फरशी ठोकत गुडघ्यांवर रांगतायत. शेवटी ते उठले आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "अण्णा, जेवण झकास झालं. पर तुमच्या तीन फरशा पोकळ हायत." अण्णांच्या जागी मी असतो तर मैत्री तिथंच आटोपली असती. अण्णा शांत माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवशी फरशा उचकटून बघितल्या, त्या पोकळच निघाल्या, आणि तेव्हापासून ते मुलीच्या शालूपासून घराच्या कुलपापर्यंत सगळं दाजींना दाखवूनच घेतात. आक्काला मात्र हा सत्यवचनीपणा रोज जेवायच्या ताटावर सोसावा लागतो. "अवो, एकदा तरी पुरणपोळी नुस्ती चांगली झालीया म्हणा की," ती म्हणायची. दाजी घास नीट चावून उत्तर द्यायचे, "चांगली हाय. पर गेल्या साली हिच्यापेक्षा चांगली झालती."

या माणसानं ज्या एकाच गोष्टीची तुलना केली नाही, ती म्हणजे आक्का. आमचं गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाला टेकून. दाजी आक्काला बघायला आले ती मे महिन्यातली संध्याकाळ होती आणि पाहुणे टेकतात न टेकतात तोच लाईट गेली. कंदिलाच्या उजेडात आक्कानं पोहे दिले, कंदिलाच्या उजेडात दाजींनी ते खाल्ले, आणि दोघांनी एकमेकांचं नेमकं काय बघितलं हे त्या कंदिलालाच ठाऊक. परत जाताना आम्ही पाहुण्यांना पोहोचवायला रस्त्यापर्यंत गेलो. वाटेवरची जांभळं काजव्यांनी खालपासून वरपर्यंत भरली होती, सगळं झाड एकदम उजळायचं आणि एकदम विझायचं. शहरात वाढलेल्या दाजींनी असं कधी बघितलं नव्हतं. ते थांबले, बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मामा, ह्यात हलकं-भारी काय असतंय काय?" मागं बायकांच्या घोळक्यात आक्का फस्सकन हसली. ते हसणं ऐकूनच आपण होकार दिला, असं दाजी सांगतात. आक्का म्हणते, "अंधारात केल्याला सौदा हाय ह्यांचा. तवापासनं सगळं उजेडात तपासून घेत्यात."

गेल्या काही वर्षांत आक्काचे डोळे कमी व्हायला लागले. दिवसा ठीक, पण दिवेलागण झाली की गल्ली दिसेनाशी व्हायची. आम्हाला आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग एका संध्याकाळी दोघं दूधकट्ट्यावर, जिथं म्हैस समोरच पिळून देतात, धारोष्ण दूध प्यायला गेले असताना आक्का समोरच्या म्हशीलाच "जरा सरा की वो बाजूला" म्हणाली, तेव्हा दाजी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू सुकत चाललाय, त्यावर आज तरी औषध नाही; दिवसाचं पुष्कळ वर्षं दिसेल, अंधारातलं मात्र कमीच होत जाईल. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, राग मानू नका. तुमच्यापेक्षा भारी डॉक्टर कोण?" त्या भल्या माणसानं न रागावता नाव दिलं. दाजी तिकडंही गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी शब्दाशब्दाला तेच सांगितलं. दोन नग अगदी सारखे निघाले, असं दाजींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

संक्रांतीच्या आसपास एकदा संध्याकाळी लाईट गेली. मी तिथंच होतो. दाजी दोन हातांत दोन बॅटऱ्या घेऊन कुठलीचा झोत लांब जातो ते भिंतीवर बघत होते. आक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाळू, आता काजवं काय मला परत दिसायचं न्हाईत." तक्रार म्हणून नाही, आमटीत मीठ जरा कमी पडलंय असं सांगावं तशी. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. दाजींनी दोन्ही बॅटऱ्या विझवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत निघालो तोच त्यांचा फोन आला, "मेव्हणं, अंधारात दिसायचं यंत्र मिळतंय. नाईट व्हिजन. डिजिटल. येक हलकं मागिवलंय मी. भारी कुठं मिळंल?"

हलकं यंत्र कुरिअरनं आलं. खोक्यावर डोळे वटारलेल्या लांडग्याचं चित्र, आत काळं प्लॅस्टिकचं दुर्बिणीसारखं धूड, हातात घेतलं तर खुळखुळ्याएवढंही वजन नाही. भारी यंत्र अण्णांच्या बंगळूरच्या जावयाचं. त्याला घुबडं बघायचा नाद आहे. अण्णांनी शब्द टाकला आणि जावयानं ते कापडात गुंडाळून, लहान मूल दुसऱ्याच्या मांडीवर द्यावं तशा चेहऱ्यानं दाजींच्या हवाली केलं. यंत्राचं मर्म दाजींनी मला एका दमात समजावलं. "ह्यातनं भाईरचं बघायचंच न्हाई. आत बारका टीव्ही हाय. अंधारात जो काय उजेड सांडल्याला असतोय, त्यो यंत्र गोळा करतंय आन टीव्हीवर दावतंय. तुझ्या आक्काला टीव्ही दिसतोय का? दिसतोय. मग काजवा बी दिसणार!" मी शिकलासवरलेला माणूस, पण याच्यापुढं मला शंका काढायला जागा राहिली नाही.

आता अंधारात बघायचं यंत्र तपासायला माणूस रात्रीची वाट बघेल. पण तेवढा धीर दाजींच्या स्वभावात नाही. त्यांनी भर दुपारी अण्णांचं गुळाचं गोदाम ताब्यात घेतलं, दारं लावून घेतली, फटींमध्ये पोती कोंबली आणि मला गुळाची ढेप हातात देऊन पार पलीकडच्या भिंतीपाशी उभं केलं. अण्णा मधेच कुठंतरी खुर्चीत बसले होते. दिसत नव्हते, पण अधूनमधून "दाजी, भाईर गिऱ्हाईक थांबलंय वो," असा त्यांचा क्षीण आवाज यायचा. दाजींनी आधी हलकं यंत्र डोळ्याला लावलं. "हिरवं हिरवं दिसतंय. दोन ढेपा दिसत्यात. येक हलतीया, म्हंजे ती तू." मग भारी लावलं आणि काही वेळ नुसते हुंकार ऐकू आले. "मेव्हणं, तुझ्या कॉलरवर मुंगळा हाय." मी ढेप खाली ठेवायला लागलो तर ते ओरडले, "हालू नगो! फोकस लावतोय त्येच्यावर. आता कानाकडं निघालाय." मी म्हटलं, "दाजी, कान माझा आहे." ते म्हणाले, "व्हय, त्यो बी स्वच्छ दिसतोय."

त्या गोदामात नंतर बरेच दिवस मी ढेप धरली आणि दोन यंत्रांमधला फरक मला इतका पाठ झाला की झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. यंत्राच्या आत उजेड टिपणारी एक टिकली असते. हलक्यात ती बारकी, भारीत मोठी. "तवा बारका असला तर भाकरी मोठी कुठनं व्हायची?" असं दाजी म्हणत. दोन्ही यंत्रांत लांबचं जवळ आणायचं बटण होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, "ह्यो झूम म्हंजे पावणं वाढलं म्हणून रस्स्यात वतल्यालं पाणी. भांडं भरतंय, चव जातीया." भारी यंत्र हातात जड, त्याची बटणं एकाच्या पोटात दुसरं अशी, आणि चुकीचं दाबलं तर ते परकी भाषेत बोलायला लागे. हलक्याला बटणं मोजकी, पण सेल खायला बकासुर.

सगळ्यात मोठा फरक होता तो रव्याचा. उजेड फारच कमी असला की हलक्या यंत्राच्या पडद्यावर पांढुरके, हिरवट ठिपके सळसळायला लागत. इथं चमकले, तिथं विझले, सतत जागा बदलणारे. दाजींनी त्याला 'रवा' असं नाव दिलं होतं. "उजेड पुरंना झाला की यंत्र वढूनताणून चित्र करतंय, मग त्यात रवा येतोय. भाईर तसलं काय बी नसतंय. समदा यंत्राचा खेळ." हे त्यांनी मला सांगितलं, अण्णांना सांगितलं, हमालांना सांगितलं आणि घरी आक्काला तर रोज जेवताना सांगितलं. रवा घालवायचा तर यंत्राच्या डोक्यावरची एक छुपी बॅटरी लावायची. तिचा उजेड माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. पण इथंही हलकं ते हलकंच. त्याच्या बॅटरीचा लाल ठिपका अंधारात उदबत्तीच्या टोकासारखा दिसायचाच. भारी यंत्राला मुळात रवाच नव्हता. ते जेवढं असे तेवढंच दाखवी, ना कमी ना जास्त; त्यामुळं त्याचं आणि दाजींचं फार पटलं.

मग एके दिवशी तिन्हीसांजेला दाजींनी घरची आतली खोली बंद करून आक्काची परीक्षा घेतली. म्हणजे यंत्रांची, पण बसवली आक्काला. तिनं हलकं डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "अगंबाई, ह्यो हिरवा माणूस कोण?" दाजी समोर उभं राहून हात हलवत होते. त्या यंत्रात चित्र जरा मागून यायचं. दाजींचा हात खाली आल्यावर पडद्यावरचा हात वर जायचा. "हे झ्याक हाय," आक्का म्हणाली, "तुमचं सगळं करून झाल्यावर दिसताय." मग तिनं भारी लावलं आणि ते दाजींच्या तोंडावर रोखून धरलं. किती वर्षांनी तिला अंधारात नवऱ्याचं तोंड दिसत होतं कोण जाणे. "काय दिसतंय?" दाजींनी तीनदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दाढी नीट झाली न्हाई तुमची. डाव्या गालाला ऱ्हायलीया." दाजी गालावरून हात फिरवत खूश होऊन माझ्याकडं वळले, "बघ, केससुद्धा दिसत्यात!" आक्कानं यंत्र लगेच खाली ठेवलं नाही. मला तिथं उगाचच अवघडल्यासारखं झालं.

इथंच निकाल लावून मोकळं व्हायचं. पण दाजींना मोकळं होता येईना. भारी यंत्र जड. आक्काचं मनगट दुखलं तर? धुक्यात कसं दिसतं म्हणून ते पहाटे पन्हाळ्याला जाऊन आले. उन्हाळ्यात यंत्र तापलं तर, म्हणून ते एक दुपारभर पत्र्याखाली ठेवून बघितलं. मग कुणीतरी सांगितलं की या दोन्हींच्या मधलंही एक यंत्र मिळतं, आणि दाजी त्याच्या मागं लागले. फाल्गुन गेला, चैत्र गेला, अण्णांच्या जावयानं तीनदा फोन केला. मी वैतागून म्हटलं, "दाजी, आता जे असेल ते घेऊन जाऊ या. काजव्यांचे दिवस आले." आक्का आतून ओरडली, "व्हय, काजवं काय ह्यांच्या निकालाला थांबणार न्हाईत." दाजी तेव्हा माझ्याजवळ सरकले आणि आयुष्यात कधी नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मेव्हणं, परवा परत दाखवलं तवा डॉक्टर म्हणालं, पडदा वाटलं त्यापरीस बिगी सुकतोय; पुढल्या साली टीव्ही तरी ह्येवढा दिसंल का सांगता येत न्हाई. येकदाच न्ह्यायचं हाय तिला. आन तवा यंत्र हलकं निघालं तर?" मी मुकाट्यानं पुन्हा ढेप धरली.

आणि मग वळीव आला, तो असा तसा नव्हे, ओळीनं काही दिवस झोडपत राहिला. आमच्या गावाकडच्या एका ओळखीच्या माणसानं फोनवर सांगितलं, "काजवं आवरत आल्यात, येयाचं तर आज या." मी दाजींचा चेहरा बघितला. जन्मभर तुलना करणाऱ्या माणसाला तुलनेनंच दगा दिला होता आणि ते त्यांना कळलं होतं. त्यांनी दोन्ही यंत्रं पिशवीत भरली, आक्काला गाडीत बसवलं आणि आम्ही दुपारीच निघालो. वाटेत आक्काच तेवढी बोलत होती. कुठल्या वळणावर करवंदं मिळायची, कुठं ओढ्यात माझी चप्पल वाहून गेली होती, सगळं ती खिडकीतून दाखवत होती आणि दाजी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. फोनवाला गडी वाटेवर उभाच होता. म्हणाला, "लवकर येयाचं व्हतं, पावणं. मागल्या आठवड्यात झाडं पेटल्यावानी दिसत व्हती. आता पावसानं धुवून न्हेली." तो आम्हाला त्याच जुन्या वाटेनं, त्याच जांभळांखाली घेऊन गेला. दाजींनी आक्काचा हात धरला होता. मी वर बघितलं. फांद्यांमध्ये इथं एक, तिथं एक, लांब कुठं दोन, असे काजवे चुकल्यासारखे लुकलुकत होते. दाजींनी भारी यंत्र काढलं, फोकस लावला आणि आक्काच्या हातात दिलं.

"झाड दिसतंय," आक्का म्हणाली. "पान न् पान दिसतंय. घरट्यागत काय तरी हाय वर. हां… ह्यो येक काजवा. ह्यो दुसरा. तकडं येक हाय." मग ती यंत्र हळूहळू सगळ्या झाडावरून फिरवत राहिली. आम्ही वाट बघत होतो. "बास?" तिनं विचारलं. भारी यंत्रानं त्याच्या स्वभावाप्रमाणं जेवढं होतं तेवढं दाखवलं होतं. आक्कानंच बाजू सावरून घेतली, "आसू दे. दिसलं की. लहानपणी माणसाला सगळंच जास्त वाटतंय." दाजी काठीसारखे ताठ उभे होते. मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती.

"त्ये हलकं बी द्या बघू," आक्का म्हणाली, "आणलंय तर." दाजींनी ते सुरू करून तिला दिलं तसा यंत्राच्या डोक्यावर लाल ठिपका पेटला. गडी घाईनं म्हणाला, "पावणं, त्यो लाल दिवा घालवा. काजवं बुजत्यात." दाजींनी चाचपून बटण दाबलं, ठिपका विझला. आता यंत्राला उजेड म्हणून उरला नव्हता. पुढं काय होणार हे गोदामात ढेप धरलेल्या मला पाठ होतं.

"अगं बाई!" आक्का ओरडली. "भरलंय की झाड! बाळू, खालपासनं वरपतोर! सगळं चमाकतंय रे… ह्या झाडावर हायत, त्या झाडावर बी हायत… अवो, तुम्हाला दिसत्यात न्हवं?"

अंधारात मला दाजींचा चेहरा दिसत नव्हता, पण शेजारी त्यांचा श्वास ऐकू येत होता. मित्राच्या वास्तुशांतीला पोकळ फरशी न झाकणारा माणूस. बायकोच्या पुरणपोळीला जन्मात बिनशर्त चांगलं न म्हणणारा माणूस. आता 'रवा हाय त्यो' एवढे तीन शब्द यायची मी वाट बघत होतो आणि ते येऊ नयेत म्हणून मनातल्या मनात जोतिबाला साकडं घालत होतो. दाजींनी घसा खाकरला.

"व्हय की," ते म्हणाले. "लई हायत. मी तुला बघायला आलतो, त्या टायमापेक्षा जास्त हायत."

खोटं बोलतानाही माणसानं तुलना सोडली नाही. मी दुसरीकडं तोंड फिरवलं. गडी काहीतरी बोलायला निघाला होता, त्याचा दंड मी असा धरला की तो बिचारा गप्पच झाला.

भारी यंत्र अण्णांच्या जावयाकडं परत गेलं. मधलं यंत्र दाजींनी मागवलंच नाही. अलीकडं त्यांच्याकडं कुणी सल्ला विचारायला आलं, की मिक्सर कुठला घेऊ, पंखा कुठला घेऊ, तर ते आधी "कुणासाठी?" असं विचारतात, आणि ही त्यांच्यात नवीनच सुधारणा झाली आहे. हलकं यंत्र आक्काच्या उशाशी असतं. मध्यंतरी एका दुपारी मी गेलो तेव्हा दाजी दोन ठिकाणची चटणी आणायला बाहेर पडले होते. मी यंत्र सहज उचलून बघत होतो. माझ्या मनात काय चाललंय हे आक्काला माझ्या लहानपणापासून कळतं. ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "चार म्हैनं जेवताना रवाच ऐकत व्हते बाळू मी. मला काय रवा कळत न्हाई व्हय?" मी यंत्र खाली ठेवलं. "पर ह्यांना म्हणू नगंस. जन्मात पैल्यांदा खोटं बोलल्यात, ते बी माझ्यासाठी. त्यांचं तेवढं ऱ्हाऊ दे." आणि तिनं पदरानं डोळे पुसले. लसणानं डोळ्यांना पाणी येत नाही, हे मला माहीत आहे.

आता आक्काला दिवसाचंही कडेकडेचं दिसेनासं होत चाललंय. समोरून आलेला माणूस दिसतो, बाजूनं आलेला आवाजावरून ओळखते. तरी दिवेलागण झाली की दाजी तिला हात धरून गच्चीवर नेतात. शेजारच्या आवारात आंब्याचं एक थोराड झाड आहे. कोल्हापूरच्या भरवस्तीत त्याच्यावर काजवा यायचं काही कारण नाही. आक्का यंत्र डोळ्याला लावून त्याच्याकडं बघत बसते. दाजी शेजारी बसलेले असतात, कशावर टकटक करत नाहीत, कशाशेजारी काही ठेवून बघत नाहीत. गेल्या आठवड्यात मी जिना चढून वर गेलो तेव्हा दोघांची माझ्याकडं पाठ होती. मी दारातच थांबलो.

"आल्यात का आज?" दाजी विचारत होते.

"आल्यात की," आक्का म्हणाली. "कालच्यापरीस जास्त हायत."